घरात काय आहे?

(मदतनीस व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या क्षेत्रसेविकेने केलेले भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी ते येथे देत आहोत.)



गेल्या नाताळात अकोले तालुक्यात ब्लँकेटे घेऊन जाणाऱ्या गाडीत तुमच्यापैकी काही जण होते. परतताना आम्ही राजूरला चहाला थांबलो. तेव्हा आपल्यापैकी एका काकांनी मला विचारले, "ताई, त्या शेवटच्या घरातल्या बाईला आपण तिसऱ्या वर्षी ब्लँकेट दिलं. मग आधीच्या दोन ब्लँकेटांचं काय झालं?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, पण मला तो टोचला. मी पुढच्या फेरीत त्या बाईला विचारून आले. एक ब्लँकेट नातवाच्या अंगावर होते. दुसरे आषाढात दुकानदाराकडे गेले होते, पायलीभर तांदळाच्या बदल्यात.

आज मी त्या काकांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उभी आहे. उत्तर थोडे लांब आहे आणि त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. एक विधवा अलीशाकडे येते. नवरा गेला, कर्ज राहिले आणि सावकार दोन्ही मुलांना दास करून न्यायला आला आहे. अलीशा तिला पैसे काढून देत नाही. सावकाराला शापही देत नाही. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नाही. मग तो तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. थोडी नाही, पुष्कळ. पुढे तेल विकून ती कर्ज फेडते आणि उरलेल्यावर तिचे घर चालते.

चमत्कार देवाचा. पण त्या गोष्टीत तीन कामे माणसांची आहेत. घरात काय आहे ते विचारणे, शेजाऱ्यांनी भांडी देणे आणि तेल विकणे. आपल्या सेवाकार्यात पहिले काम आपण बहुतेक वेळा विसरतो. आपण थेट तेलाचा डबा घेऊन जातो.

आषाढाचा हिशेब

अकोल्याचा पश्चिम भाग तुम्ही पाहिला आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचे धरण. शहरातली माणसे तिकडे पाऊस पाहायला जातात. त्याच पावसात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या घरांत काय चालते ते गाडीच्या काचेतून दिसत नाही. घरचा तांदूळ, नागली, वरई ज्येष्ठापर्यंत संपते. नवे पीक कार्तिकाच्या आसपास घरात येते. आवणीसाठी बियाणे, खत लागते, मुलांच्या वह्या लागतात आणि दुखणीही याच दिवसांत येतात. हे चार-पाच महिने घर उसनवारीवर चालते.

दुकानदार धान्य देतो ते सवाईने किंवा दिढीने. दिढी म्हणजे एक पोते नेले की सुगीला दीड पोते द्यायचे. ऐकायला फार वाटत नाही. पण पाच महिन्यांत शंभरावर पन्नास, म्हणजे महिन्याला शेकडा दहा, म्हणजे वर्षाला 120 टक्के. आपल्यापैकी कुणी घरासाठी कर्ज घेतले असेल तर आपला व्याजदर आठवून पाहा. जो सर्वांत गरीब आहे त्याला पैसा सर्वांत महाग पडतो. आणि सुगीत, भाव पडलेला असताना, तो धान्याने फेडतो. पुन्हा ज्येष्ठात तेच धान्य चढ्या भावाने उधार आणतो. आळस नाही, व्यसन नाही, तरीही माणूस दरवर्षी त्याच जागी येतो.

हे आजचे नाही. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे 1840 च्या दशकात इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठले. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली आणि ते लोण आपल्या जिल्ह्यातही पसरले. त्यानंतर 1879 चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला. अलीकडे 2014 चा सावकारी नियमन कायदा आला. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. कायदे चांगलेच आहेत. पण आषाढातल्या रात्री तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायला कायदा पाचशे रुपये देत नाही. ते जो देतो, त्याचेच घर गाठावे लागते.

आणि विधवेच्या मुलांची गोष्ट जुनी झाली असे कुणी समजू नये. 2022 साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची लहान मुले आपल्या जिल्ह्यात मेंढ्या राखायला ठेवल्याचे उघडकीस आले. बदल्यात आईबापांना मिळाले होते काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. त्यांतल्या एका दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, म्हणून ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. ती जगली असती तर कदाचित आपल्याला कळलेही नसते. काही हजार रुपये! आपल्या एका रविवारच्या अर्पणाएवढे. त्या दिवसापासून मी छोट्या कर्जाला छोटे म्हणणे सोडून दिले.

शेजाऱ्यांची भांडी

गरिबांनी थोडे थोडे साठवून एकमेकांना कर्ज द्यावे, हा विचार आपल्या लोकांना परका नाही. जर्मनीत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन नावाचे श्रद्धाळू ख्रिस्ती नगराध्यक्ष होते. दुष्काळात त्यांनी आधी गरिबांना धान्य आणि पाव वाटण्याची व्यवस्था केली. मग त्यांच्या लक्षात आले की श्रीमंतांच्या दयेवर चालणारी मदत फार काळ टिकत नाही. 1864 मध्ये त्यांनी शेतकऱ्यांची, शेतकऱ्यांनीच चालवलेली पतसंस्था उभी केली. आपल्या देशात 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यामागे हाच नमुना होता. 1909 साली रांचीला फादर हॉफमन या जेझुइट मिशनऱ्यांनी छोटा नागपूरच्या आदिवासींसाठी पतसंस्था सुरू केली, कारण कर्जापायी मुंडा आणि उरांव लोकांच्या जमिनी हातच्या जात होत्या. आपल्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 मध्ये लोणीला पतपेढी काढली. पुढे त्याच माणसाने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची सुरुवात पतपेढीने झाली, हे मात्र आपण विसरतो.

बांगलादेशातल्या प्रा. मुहम्मद युनूस यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. 1976 साली जोब्रा गावात त्यांनी 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले. बांबूची मोढे विणणाऱ्या बायका तेवढ्या रकमेसाठी व्यापाऱ्याच्या बांधील होत्या. त्यातून ग्रामीण बँक झाली आणि 2006 मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे नाबार्डने 1992 साली 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. आज देशात अशा गटांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे.

आता गट कसा चालतो ते सांगते, कारण आपल्यातले पुष्कळ जण देणगी देतात, पण गटाची बैठक कधी पाहिलेली नसते.

दहा-बारा बायका. एकाच वाडीतल्या, एकमेकींचे घर ओळखणाऱ्या. आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेल्या दिवशी कुणाच्या तरी ओट्यावर बसतात. मध्ये सतरंजी, पेटी, वह्या. प्रत्येकीने महिन्याला शंभर रुपये टाकले तर बारा जणींचे वर्षाला 14,400 होतात. पैसे गटाच्या नावाने बँकेत. आपली संस्था त्या पैशाला हात लावत नाही आणि लावूही नये. उमेद अभियानाचे लोक जी पंचसूत्री शिकवतात तीच आम्ही शिकवतो. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. आपसातल्या कर्जाला व्याज महिन्याला शेकडा एक किंवा दोन, जे त्या ठरवतील ते. ते व्याज पुन्हा त्याच पेटीत येते. सहा महिने वह्या नीट राहिल्या की बँक दार उघडते. सरकारच्या व्याजसवलतीमुळे महिला गटांना तीन लाखांपर्यंतचे बँक कर्ज वर्षाला सात टक्क्यांनी मिळते. महिन्याला शेकडा दहा कुठे आणि वर्षाला शेकडा सात कुठे!

पहिले कर्ज कशासाठी घेतात, असे तुम्हाला वाटते? शिलाई मशीन? पिठाची गिरणी? नाही. दवाखाना, खावटी, खत, एस. टी. चे भाडे, मुलीची फी. आमच्याकडे पाहुणे येतात, ते विचारतात, "उद्योग कोणता सुरू केला?" बायका एकमेकींकडे पाहतात. एका आजीने एकदा उत्तर दिले होते, "यंदा दुकानावर गेलो न्हाई, ह्योच उद्योग." मला विचाराल तर गटाचा पहिला नफा हाच. सुगीला धान्य घरात राहिले. घरात राहिले म्हणून भाव चढल्यावर चार पायल्या विकता आल्या. विकता आल्या म्हणून पुढच्या वर्षी बियाणे रोखीने आले.

बियाण्यावरून आठवले. अकोल्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या. त्यांनी गावरान बियाणे जपले, बायकांना सोबत घेतले, बियाणे बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेचा नियम असा, की जेवढे बी न्याल त्याच्या दुप्पट परत आणा. म्हणजे हिशेबाने पाहिले तर दिढीपेक्षाही जास्त! मग फरक काय? दुकानदाराकडे वाढलेले पोते दुकानदाराच्या घरात राहते. इथे वाढलेले बी पुढच्या शेतकऱ्याच्या घरी जाते. व्याज किती, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे की व्याज कुणाच्या घरी जाते.

शंभर टक्के परतफेड

आता माझी कबुली.

काही वर्षांपूर्वी आपण शेळ्यांसाठी गटांना मोठी कर्जे मिळवून दिली. याच त्रैमासिकात मी अभिमानाने लिहिले होते, "परतफेड शंभर टक्के." तो आकडा खरा होता. तुम्हीही आनंदाने देणग्या पाठवल्या.

त्या शंभर टक्क्यांत एक ठाकर बाई होती. दोन शेळ्या घेतल्या. कर्ज उचलल्याच्या पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. आता शेतकऱ्याच्या घरातले कोणीही सांगेल, शेळी गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी विते, आणि करडू विकण्याजोगे व्हायला आणखी सहा-आठ महिने लागतात. म्हणजे शेळी वर्षाने पैसे देणार आणि आम्ही हप्ता महिन्याने मागत होतो. कागद तयार करताना हे मला सुचले नाही, कारण वहीतल्या रकान्यांत बारा महिने छापलेले होते. त्यात पावसाळ्यात रोग आला. पीपीआरची लस टोचलेली नव्हती, विमा उतरवलेला नव्हता. दोन्ही शेळ्या गेल्या.

पण हप्ते थांबले नाहीत. एकीचा हप्ता चुकला तर सगळ्या गटाचे नाव खराब होते, म्हणून इतर बायका तिच्या दारात जाऊन बसायच्या. तिने नारायणगावच्या मजूर अड्ड्याची वाट धरली. टोमॅटो तोडणीला गेली, थोरल्या मुलीला शाळेतून काढून बरोबर नेले. सगळे कर्ज फेडले. शेवटचा हप्ता घेताना मी तिला शाबासकी दिली. ती म्हणाली, "ताई, तुमच्या वहीत माझं नाव चांगलं राह्यलं. घरात मात्र काय बी राह्यलं न्हाई."

मी गाडीत बसून रडले. आपण सावकार नव्हतो. आपला व्याजदर कमी होता, हेतू चांगला होता, सुरुवातीला प्रार्थना होती. आणि तरी एका घरात आपण तेच केले जे सावकार करतो.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक ओरडत येतात की आम्ही शेते, द्राक्षमळे गहाण टाकून धान्य आणले, आमची मुले दास झाली. नहेम्या पुढाऱ्यांवर संतापतो. पण तिथेच तो हेही मान्य करतो की मी आणि माझे भाऊबंदसुद्धा पैसे व धान्य कर्जाऊ देत आहोत. मग तो सर्वांसमोर परत करायला लावतो. त्या बाईच्या बाबतीत आम्हीही एवढेच करू शकलो. गटाशी बोललो, तिला पुन्हा उभे केले. मुलगी परत शाळेत गेली, पण तिचे एक वर्ष गेले ते गेलेच.

ही गोष्ट एका वाडीची नाही. 2010 साली आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीच्या जाचाने लोकांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या आणि तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. एकाच बाईला चार-चार कंपन्यांनी कर्ज दिले होते. एकीचे फेडायला दुसरीचे घ्यायचे. अभ्यासकांनीही मोजून पाहिले आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत पाहणी केली. कर्जामुळे आधीपासून धंदा असलेल्यांचा धंदा थोडा वाढला, घरात काही टिकाऊ वस्तू आल्या. पण सरासरीने पाहता घरखर्चाची ऐपत, मुलांचे शिक्षण, आरोग्य यांत ठळक फरक पडला नाही. दुसरीकडे, अतिगरीब कुटुंबांना कर्जाऐवजी आधी जनावर किंवा साधन दिले, काही महिने खावटी दिली, दर आठवड्याला घरी जाऊन शिकवले आणि बचतीची सवय लावली, तेव्हा सुधारणा टिकून राहिली. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने 2002 मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीची आपल्या देशासह सहा देशांत पाहणी झाली आहे.

यातून मी काय शिकले? ज्याच्या पायाखाली थोडी जमीन आहे त्याला कर्ज ही काठी. जो चिखलात रुतला आहे त्याला आधी हात हवा. त्याच्या खांद्यावर कर्ज ठेवले तर तो आणखी रुततो. ब्लँकेट देणे वाईट नाही, कर्ज देणे पवित्र नाही. कोणत्या घराला काय द्यायचे, हे त्या घरात बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून अलीशाचा प्रश्न आधी.

आणखी एक. पाण्याशिवाय आणि बाजाराशिवाय कर्ज म्हणजे फुटक्या रांजणात ओतलेले पाणी. आपल्याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी हे ओळखले. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि 1993 साली अहमदनगरला वॉटर ही संस्था सुरू झाली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या उजाड माळावर लोकांनी श्रमदान केले, चर खणले, चराईबंदी पाळली. त्या गावांत महिलांचे बचत गट झाले आणि त्यांच्या संयुक्त महिला समित्या झाल्या. आधी माती आणि पाणी अडले, म्हणून कर्जाचे पैसे गावात टिकायला जागा झाली.

आता आम्ही काय करतो

शेळीचे कर्ज असेल तर हप्ता पहिले करडू विकल्यावर. भाताचे कर्ज असेल तर हप्ता सुगीनंतर. लस आणि विमा आधी, शेळी नंतर. प्रत्येक गटात एक आपत्ती निधी, ज्यातून दवाखान्यासाठी बिनव्याजी पैसे मिळतात. अनुवादाच्या पुस्तकात जात्याची तळी गहाण घेऊ नये असा नियम आहे, कारण ज्यावर रोजचे पीठ होते तेच नेले तर माणूस जगणार कसा? त्याच न्यायाने कुणाचेही दूध देणारे जनावर, बियाणे किंवा रेशन कार्ड कर्जापोटी कुणी ठेवून घेणार नाही, असा ठराव गटांनी केला आहे. गटात येण्यासाठी धर्माची, पंथाची अट नाही, कधी नव्हती. प्रार्थनेला न येणाऱ्या बाईचा ताप प्रार्थनेला येणाऱ्या बाईच्या तापासारखाच असतो.

ज्या वाड्यांत कंपन्यांची कर्जे आहेत तिथे आम्ही रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम वाचून दाखवतो. ते तुम्हीही लक्षात ठेवा, कारण तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंनाही ते उपयोगी पडतील. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे त्याचे असे कर्ज विनातारण असले पाहिजे. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज आणि इतर आकार एका कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून दिले पाहिजेत. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणे चालत नाही.

आणि सरळ व्याजाची मेख समजून घ्या. "फक्त बारा टक्के" असे सांगून 10,000 वर 1,200 व्याज धरले आणि बारा सारखे हप्ते पाडले, तर खरा दर बारा नसतो. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवरच भरत असता. खरा दर वीस टक्क्यांच्या वर जातो. आमच्या गटातल्या बायका हे ज्वारीच्या दाण्यांनी मांडून शिकतात. एक बाई दाणे मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, "म्हंजे परत दिलेल्या दाण्याचं बी भाडं?" मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आले नसते.

तुमच्याकडे मागणे

पैसे मागायला उभी आहे असे तुम्हाला वाटले असेल. तेही मागणार आहे, पण शेवटी.

पहिले मागणे वेळेचे. आपल्या मंडळीत बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले किती तरी जण आहेत. गटांना सर्वांत मोठी अडचण हिशेबाच्या वहीची आहे. वही बिघडली की विश्वास बिघडतो आणि विश्वास बिघडला की गट मोडतो. महिन्यातून एक दिवस दोन-तीन वह्या तपासून दिल्यात आणि एखाद्या मुलीला त्या लिहायला शिकवलेत, तर ते कित्येक हजारांच्या देणगीपेक्षा मोठे आहे.

दुसरे, सोबतीचे. बँकेच्या काचेपलीकडच्या माणसासमोर आपल्या बायका घाबरतात. कुणीतरी शेजारी उभे राहावे. त्यांच्या वतीने बोलू नये, फक्त उभे राहावे. बोलतील त्या स्वतः.

तिसरे, गिऱ्हाइकाचे. विधवेचे तेल कुणीतरी विकत घेतले, म्हणूनच कर्ज फिटले. ती विकत घेणारी माणसे गोष्टीत दिसत नाहीत, पण त्यांच्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. अकोल्याचा हातसडीचा तांदूळ, नागली, वरई, मध, गावरान अंडी आपल्या घरात लागतातच. हंगामाच्या सणाला मंडळीच्या आवारात एक दिवस त्यांचा बाजार भरू द्या. दया म्हणून घेऊ नका. माल चांगला असेल तरच घ्या, नसेल तर तोंडावर सांगा.

चौथे, पैशाचे. आपत्ती निधीसाठी आणि ज्या घरांना अजून कर्ज झेपणार नाही त्यांच्या पहिल्या शेळीसाठी. हे दान म्हणूनच द्या, परतफेडीच्या आशेने नको.

आणि ब्लँकेटे? यंदाही नेऊ. थंडी कुणाच्या हिशेबासाठी थांबत नाही. पण त्या काकांना माझी विनंती आहे की यंदा ब्लँकेट देऊन लगेच गाडीत बसू नका. त्या शेवटच्या घराच्या ओट्यावर अर्धा तास बसा आणि विचारा, बाई, घरात काय आहे? ती आधी म्हणेल, काहीच नाही. थांबा. पुन्हा विचारा. तिला चटया विणता येतात. तिच्या परसात सहा कोंबड्या आहेत. गावातल्या बायकांच्या बाळंतपणात कोणता पाला लागतो ते तिला ठाऊक आहे. हे मला तिसऱ्या वर्षी कळले, कारण तोपर्यंत मी विचारलेच नव्हते.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा गटाच्या बैठकीला आली. शंभर नव्हते, पन्नास टाकले. गटाने चालवून घेतले. वहीत तिच्या नावाचा रकाना उघडला आहे. तो भरत राहावा म्हणून प्रार्थना करा आणि जमेल तेव्हा येऊन पाहा.